डान्स शोमधले मार्क: देतात की वाटतात?

मांजलपूरकर:
मंडळी, एक शंका आहे आणि ती घरात विचारून उपयोग नाही, कारण त्या वेळी घरात सगळे रडत असतात. आधी स्पर्धक रडतो, मग परीक्षक रडतात, मग आमच्या सोफ्यावर सुरू. तर विषय सेलिब्रिटी डान्स शो. तीन परीक्षक दहा-दहा मार्कांच्या पाट्या घेऊन बसतात. पहिले एक-दोन आठवडे सहा-सात दिसतात, नंतर नऊच्या खाली उतरायला कोणी तयारच नाही. तीसपैकी तीस हे तर लग्नपत्रिकेवरच्या 'श्री गणेशाय नमः'सारखं आधीच छापून ठेवलेलं असतं असं वाटायला लागलंय. आणि त्यात मेळ म्हणून नाही. एकीला पाय तालात नव्हते असं सांगून नऊ, पुढच्याला मजा आली म्हणून नऊ, तिसऱ्याने पाठदुखी असून नाच केला म्हणून साडेनऊ. मग नऊ म्हणजे नक्की काय हो? झलक दिखला जा, नच बलिये, आपलं एकापेक्षा एक, बाहेरचे कार्यक्रम, जे जे पाहिलं असेल त्यावरून बोला. माझं मत: मार्क बंद करावेत, परीक्षकांनी नुसतं बोलावं आणि बाकी लोकांवर सोडावं. पटतंय का?

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
मार्क बंद केले तर परीक्षक हाताने करणार काय? पाटी तरी धरतात बिचारे.

रावपुऱ्याची_राणी:
तुम्ही ती परीक्षा समजून बघता म्हणून त्रास होतो ने. मी साड्या बघते, गाणी ऐकते, माधुरी असेल तर माधुरी बघते. खुर्चीत बसल्या बसल्या ती एक हात हलवते त्यात स्टेजवरच्या अर्ध्या लोकांपेक्षा जास्त नाच असतो. मार्क कोण बघतं.

मांजलपूरकर:
राणीताई, माधुरीबद्दल आपल्यात वाद होणं शक्यच नाही. पण जिला कथक येतं, जिला चूक कुठे झाली ते दिसतं, तिनेसुद्धा सगळ्यांशी गोडच बोलायचं, हे बघवत नाही.

लेस्टरचा_बडोदेकर:
इथे इंग्लंडात स्ट्रिक्टली कम डान्सिंग लागतं बीबीसीवर, २००४ पासून. आपलं झलक हा त्याचाच भारतीय अवतार. इथे चार परीक्षक, म्हणजे चाळीसपैकी. क्रेग रेव्हेल हॉरवूड म्हणून एक खडूस माणूस पहिल्या पर्वापासून बसलाय, दोन-तीन मार्क द्यायला तो मागेपुढे बघत नाही, लोक हुर्यो करतात, हा ढिम्म. २००४ मध्येच दुसऱ्या पर्वात क्वेंटिन विल्सन नावाच्या माणसाला (टीव्हीवर गाड्यांबद्दल बोलायचा) चा-चा-चा साठी चौघांचे मिळून आठ मार्क मिळाले होते. चाळीसपैकी आठ! पण म्हणून इथे सगळं आलबेल आहे असं नाही, सेमीफायनल जवळ आली की इथेही सगळे नऊ-दहावर चढतातच, आणि गेल्या आठवड्यात ज्या चुकीचे दोन मार्क कापले तीच चूक या आठवड्यात कोणाला दिसतच नाही.

खंडेराव_मार्केट:
आठ मार्क आपल्याकडे देऊन बघा. पुढच्या पर्वाला एक सेलिब्रिटी फिरकणार नाही. पैसे मोजून, हातापाया पडून माणूस आणायचा आणि वर त्याला दोन मार्क द्यायचे? धंदा आहे भाऊ तो. जो नाचायला आलाय त्याची पुढच्या महिन्यात मालिका सुरू होणार असते बऱ्याचदा त्याच चॅनलवर.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
आणि पाहुणे विसरलात. सिनेमाच्या प्रमोशनला आलेला हिरो सोफ्यावर उभा राहून टाळ्या वाजवत असताना शेजारचा परीक्षक सहाची पाटी कशी वर करणार? हिंमत पाहिजे.

नूपुर_समा:
इथे लिहायचं नव्हतं पण राहवलं नाही. मी भरतनाट्यम शिकले ते इथेच, आपल्या बडोद्याच्या युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीत, आता क्लास घेते.

आमच्या परीक्षेत अडवू (नाचाच्या मूळ हालचाली) तीनही काळात, म्हणजे तीन गतींत, करून दाखवायला लावायचे, हाताने ताल धरून बोल म्हणायला लावायचे, अरमंडी (गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसणं) किती खाली आहे, नजर हाताबरोबर जाते की प्रेक्षकांत फिरते, अभिनयाचं वेगळं, तोंडी प्रश्नांचं वेगळं. प्रत्येकाचा रकाना निराळा. परीक्षकांना मुलगी आवडली की नाही असा रकानाच नव्हता. टीव्हीवर एकच पाटी आणि एकच आकडा, आणि त्या आकड्यात नाच, मेहनत, आजारपण, प्रेक्षकांत बसलेली आई, कोरिओग्राफरची कल्पना, लाइटवाल्याची कमाल असं सगळं एकदम कोंबलेलं असतं. मग दोघांचे नऊ सारखे कसे असतील?

आणि अजून एक. झलकमध्ये एकाच भागात एक जण कथक करतो, दुसरी लावणी, तिसरा कापडाला लटकून हवेत गिरक्या घेतो. हवेतल्याला हमखास जास्त मार्क, कारण बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण ती धाडसाची गोष्ट झाली, नाचाची नाही. त्या अडीच मिनिटांत पाय जमिनीला किती वेळ लागले ते मोजा एकदा. लावणी करणाऱ्या मुलीला मात्र पावलापावलाला पकडतात, कारण तिची चूक दिसते. म्हणजे जो अवघड नाच स्वच्छ करायला जातो त्याचे कापले जातात आणि जो देखावा करतो तो सुटतो. माझा राग मार्क फुगवण्यापेक्षा यावर जास्त आहे.

रावपुऱ्याची_राणी:
नूपुर, तू बरोबर आहेस पण मला ते हवेतलं आवडतं बाई. भीती वाटते आणि छान पण वाटतं.

लेस्टरचा_बडोदेकर:
नूपुरताईंच्या मुद्द्याला जोडून. स्ट्रिक्टलीत बहुतेक बॉलरूम आणि लॅटिन नाचांत लिफ्ट चालतच नाही, म्हणजे जोडीदाराला उचलायचं नाही. अमेरिकन स्मूथ, चार्ल्सटन, शोडान्स अशा मोजक्या प्रकारांत चालतं. पाय चुकून जमिनीवरून सुटला तरी त्यावर चर्चा होते. त्यामुळे निदान टांगोची तुलना टांगोशी होते. तरी मार्क वरखाली होतात ते होतातच.

अकोट्याचा_अभ्या:
एका आकड्यात सगळं कोंबण्याचा रोग खेळांनाही होता, त्यांनी औषध घेतलं. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्ण दहा मिळाले तेव्हा बोर्डावर १.०० असं दिसलं, कारण १०.०० दाखवायची सोयच बोर्डात नव्हती, एवढे ते दहा दुर्मिळ धरले होते. पुढे दहा स्वस्त झाले. शेवटी २००६ मध्ये त्यांनी दहाची मर्यादाच काढली, अवघडपणाचे मार्क वेगळे आणि सफाईचे वेगळे. फिगर स्केटिंगमध्ये सहापैकी मार्क असायचे. २००२ ला सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षिकेवर दबाव आल्याचं प्रकरण इतकं पेटलं की कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्णपदक द्यावं लागलं, आणि २००४ मध्ये जुनी पद्धतच मोडीत काढली. म्हणजे ऑलिंपिकवाल्यांना जे एका आकड्यात जमलं नाही ते तीन फिल्मी माणसांना जमेल अशी आपली अपेक्षा.

खंडेराव_मार्केट:
अभ्या, तिथे पदक असतं. इथे जाहिराती असतात.

मिथुनचा_पंखा:
क्या बात क्या बात क्या बात. चर्चेला माझे तीसपैकी तीस.

निवृत्त_गणित:
मांजलपूरकर, मार्क बंद करायची मागणी करू नका, ते आपोआप बंद झालेले आहेत. कागद घ्या, सांगतो.

समजा पाच स्पर्धक आहेत आणि परीक्षकांनी दिले ३०, २९, २८, २८, २७. बेरीज १४२. अमेरिकेतल्या डान्सिंग विथ द स्टार्समध्ये बरीच वर्षं जी पद्धत होती तिच्यात एकूण मार्कांपैकी तुमचा वाटा किती टक्के ते काढायचं आणि त्यात लोकांच्या मतांतला तुमचा वाटा मिळवायचा. इथे पहिल्याचा वाटा २१.१ टक्के, शेवटच्याचा १९. फरक दोन टक्के आणि वर थोडं. आता लोकांची मतं अशी सारखी पडत नसतात, एखाद्याला ३५ टक्के आणि एखाद्याला ८ असं सहज होऊ शकतं. म्हणजे परीक्षकांचे दोन आणि लोकांचे सत्तावीस. निकाल कोणी लावला?

आता समजा तेच परीक्षक हात आखडून देतात, २८, २४, २०, १६, १२. बेरीज बरोब्बर १००. पहिला आणि शेवटचा यांच्यात १६ टक्के. मग लोकप्रिय पण कच्च्या माणसाला त्यांची दखल घ्यावी लागेल. तात्पर्य सगळ्यांना नऊ-दहा वाटणारा परीक्षक उदार नसतो, तो स्वतःचं वजन स्वतःच्या हाताने शून्य करत असतो. लोक ओरडतात की परीक्षकांनी आपला माणूस जिंकवला. अहो, त्यांच्या हातात काही उरलेलंच नाही.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
काका, शाळेत तुम्ही असतात तर मी कॉमर्स घेतलं नसतं.

मांजलपूरकर:
हे भारीच. म्हणजे मी ज्याला लाड म्हणत होतो तो उलट राजीनामा आहे.

लेस्टरचा_बडोदेकर:
काका, मान्य, पण एक अडचण. स्ट्रिक्टलीत टक्के नसतात, क्रम असतो. पाच जोड्या असतील तर परीक्षकांच्या पहिल्याला ५, दुसऱ्याला ४ असं खाली. लोकांच्या मतांचंही तसंच. बेरीज करायची, बरोबरी झाली तर लोकांचा क्रम वरचढ. या पद्धतीत ४० आणि ३९ असो की ४० आणि २० असो, फरक एकच गुणाचा. मग फुगवून काय बिघडतं?

निवृत्त_गणित:
उत्तम प्रश्न. बिघडतं ते बरोबरीत. सगळे वरच्या दोन-तीन आकड्यांत दाटीवाटीने बसले की बरोबरी होणारच.

लेस्टरचा_बडोदेकर:
अरे हो!! आठवलं, मी तेव्हा नवीनच आलो होतो इथे. डिसेंबर २००८, सेमीफायनल, तीन जोड्या. रेचल स्टीव्हन्स आणि लिसा स्नोडन यांची परीक्षकांकडे बरोबरी झाली, दोघींना ३-३, आणि तिसरा टॉम चेंबर्स त्याला १. खालच्या दोघांनी पुन्हा नाचायचं, मग परीक्षक एकाला काढणार. आता बघा, टॉमला लोकांची सगळ्यात जास्त मतं पडली तरी त्याचे १ आणि ३ मिळून ४. त्या दोघींपैकी एकीचे ३ आणि २ पाच होणार, दुसरीचे ३ आणि १ चार. म्हणजे काहीही झालं तरी टॉम खालच्या दोघांत अडकणार. लोक फोन करत होते, पैसे जात होते आणि त्या मतांनी तो वाचणं गणितातच शक्य नव्हतं. ऐन कार्यक्रमात हे लक्षात आल्यावर बीबीसीने कोणालाच काढलं नाही, तिघांनाही फायनलला पाठवलं. आणि फायनल जिंकली कोणी? टॉम चेंबर्सने.

अकोट्याचा_अभ्या:
हे मला माहीत नव्हतं, कमाल आहे. पाटीवरच्या एका मार्काने सगळा कार्यक्रम उघडा पडला.

लेस्टरचा_बडोदेकर:
त्याच पर्वात अजून एक झालं. जॉन सार्जंट म्हणून बीबीसीचा जुना राजकीय पत्रकार, नाचता येत नव्हतं अजिबात, पासो डोब्लेमध्ये जोडीदारणीला फरशीवरून ओढत नेलं होतं. परीक्षक दर आठवड्याला तळाला टाकायचे आणि लोक दर आठवड्याला वाचवायचे. शेवटी नोव्हेंबरमध्ये स्वतःच बाहेर पडला, म्हणाला की चुकून जिंकून बसलो तर पंचाईत (शब्द माझे, मतितार्थ तोच). त्यावर इथे पेपरांत पहिल्या पानावर चर्चा.

खंडेराव_मार्केट:
आता मी विरुद्ध बाजू घेतो. लोकांनी वाचवलं तर बिघडलं काय? कार्यक्रम लोक बघतात. २००९ च्या झलकमध्ये भाईचुंग भूतिया जिंकला. फुटबॉलपटू माणूस, समोर गौहर खानसारखी नाचणारी. तेव्हा पण लोक बोंबलले. पण मी तो सगळा सीझन बघितला होता आणि पहिल्या आठवड्यातला भाईचुंग आणि शेवटचा भाईचुंग यात जमीनअस्मान. ज्याला येतच होतं त्याने करून दाखवलं यात काय विशेष?

नूपुर_समा:
हेच मी म्हणत होते. तुम्ही सुधारणा मोजताय, मी दर्जा मोजतेय, आणि पाटी एकच. परीक्षकही तेच करतात, एका आठवड्यात दर्जा, दुसऱ्या आठवड्यात सुधारणा, ज्या बाजूने मार्क वर नेता येतील ती बाजू. आणि सेलिब्रिटी शोमध्ये आधीच तयार झालेली मुलं आणतात त्याचं काय? २०१६-१७ च्या नवव्या पर्वात तेरिया मगर जिंकली, ती आधी डान्स इंडिया डान्सच्या लिटल मास्टर्सची विजेती होती. २०२२ मध्ये गुंजन सिन्हा, एवढीशी पोर. दोघीही सुंदर नाचतात, प्रश्नच नाही. पण मालिकेतली एखादी नटी, जिने घुंगरू पहिल्यांदा त्या सेटवर बांधलं, तिला आणि या मुलींना एकाच पाटीने मोजायचं? मोजता येत नाही म्हणूनच मग सगळ्यांना दहा.

रावपुऱ्याची_राणी:
आणि परीक्षक कोण ते पण बघा ने. झलकच्या पहिल्या पर्वात २००६ ला संजय लीला भन्साळी, शिल्पा शेट्टी, फराह खान. पुढच्यात जितेंद्र, उर्मिला आणि शामक दावर. मग एकदा सरोज खान आणि वैभवी मर्चंट जुहीबरोबर. म्हणजे एक नाचातलं कळणारा, एक दिसायला, एक बोलायला, असं जेवणाचं ताट वाढल्यागत.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
नच बलियेच्या सातव्या पर्वात चेतन भगत परीक्षक होते. यापुढे माझं काही म्हणणं नाही.

मिथुनचा_पंखा:
पण त्याच पर्वात आपली अमृता खानविलकर आणि हिमांशू मल्होत्रा जिंकले. तेव्हा चेतन भगतना कोणी शिव्या घातल्याचं आठवत नाही :)

मांजलपूरकर:
हाहा. आणि नच बलियेचं पहिलंच पर्व सचिन-सुप्रियाने जिंकलं. तेव्हा आमच्या मातोश्री, आयुष्यात कधी मेसेज केला नाही अशी बाई, शेजारच्या पोराला पकडून एसएमएस पाठवायला लावत होत्या.

खंडेराव_मार्केट:
बघा! मराठी जिंकले की लोकांचा कौल, दुसरे जिंकले की भ्रष्टाचार.

रावपुऱ्याची_राणी:
सचिन-सुप्रिया खरंच चांगले नाचत होते हो. एकमेकांकडे बघून नाचायचे, कॅमेऱ्याकडे बघून नाही.

अकोट्याचा_अभ्या:
मग सचिन तिकडून आले आणि एकापेक्षा एकमध्ये महागुरू झाले. एका स्पर्धेतला विजेता दुसऱ्या स्पर्धेत थेट गुरू, तोही महा. आमच्या हॉस्टेलवर कोणी पहिल्या झटक्यात स्कूटर चालू केली तरी त्याला महागुरू म्हणायचे.

दांडिया_बाजार_चौथा_मजला:
धागा वाचून हसू येतंय. आपल्या बडोद्यात बसून नाचाला मार्क द्यायच्या गप्पा! इथे नवरात्रात हजारो लोक गोल करून एका तालावर फिरतात, मध्ये अतुल पुरोहित गातायत, बे ताळी, त्रण ताळी, मग 'हीच' हा ताल सुरू झाला की पाय आपोआप, आणि मार्क कोणी मागत नाही. बाहेरचे पाहुणे आले की विचारतात स्टेजवर कोण नाचणार? अहो स्टेजवर गाणारे, नाचणारे खाली, सगळेच.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
मार्क मागत नाहीत? बेस्ट खेलैया आणि बेस्ट ड्रेसचं बक्षीस असतं तिथे बघा मग मैदानाच्या एका कोपऱ्यात काय गर्दी. परीक्षक कुठे बसलेत ते कळलं की सगळी रिंग त्या बाजूला हळू होते. आरसे लावलेला केडियु घालून एक जण तर तिथेच जागेवर गिरक्या घेत असतो, मागच्यांची ट्रेन थांबलेली.

दांडिया_बाजार_चौथा_मजला:
ते खरं आहे :) आमच्या एका जुन्या सोसायटीत नवरात्रात बक्षीस द्यायचे. परीक्षक म्हणून कोणाचे तरी जावई, ज्यांना गरबा आणि दांडिया यातला फरक सांगावा लागला. नाव बक्षिसाचं 'उत्कृष्ट गरबा' आणि मिळालं चणियाचोळीच्या घेराला. माझी भाची दोढियु (गरब्यातला एक प्रकार) इतकं सफाईने करते की बघत राहावं, साध्या ड्रेसवर होती, तिला काही नाही. ती दुसऱ्या दिवशी परत तेवढ्याच जोरात नाचली, तिच्या आईचं मात्र अजून उतरलेलं नाही.

नूपुर_समा:
विषय थोडा भरकटतोय पण बडोद्याचं निघालंच आहे म्हणून. भरतनाट्यम इथे आलं ते लग्नातून. १८८० मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं, पहिल्या चिमणाबाई, त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आल्या, गौरा आणि कांता, नट्टुवनार (नाच शिकवणारे, ताल धरणारे गुरू) आणि वादकांसकट. पुढे त्याच घराण्यातले कुबेरनाथ तंजोरकर इथे गुरू झाले. आमची फॅकल्टीसुद्धा मुळात १८८६ ची गायनशाळा, मौलाबक्षांनी चालवलेली. दरबारात मार्क नव्हते पण बघणारे जाणते होते, चुकलं की समोरच्याच्या मानेवरून कळायचं. माझा मुद्दा एवढाच की जाणता बघणारा पाटीशिवायही कडक असू शकतो आणि अजाणता पाटी घेऊनही काही सांगू शकत नाही.

खंडेराव_मार्केट:
दरबारात महाराजांना आवडलं की बिदागी, नाही आवडलं की नाही. ते पण एका माणसाचं मतच झालं ना ताई. तिथे न्याय कुठला?

नूपुर_समा:
न्याय नव्हताच. पण तिथे कोणी नऊ पॉइंट पाच म्हणत नव्हतं. मत हे मत म्हणूनच यायचं. टीव्हीवर मताला आकड्याचा कोट घालतात.

निवृत्त_गणित:
ताईंशी सहमत. आणि मुळात परीक्षक आकडे देण्यात वाईट असतात, क्रम लावण्यात बरे असतात. कोण जास्त चांगला हे माणूस बऱ्यापैकी सांगतो, किती चांगला हे सांगताना घसरतो. सगळ्यात आधी नाचणाऱ्याला तर कायमच रोखून देतात, पुढे कोणी भारी आलं तर जागा हवी म्हणून. उत्तरपत्रिका तपासताना आम्ही पहिल्या पाच-दहा शेवटी परत तपासायचो ते त्याचसाठी. टीव्हीवर परत तपासणार कोण? बॉलरूमच्या खऱ्या स्पर्धांपैकी बऱ्याच ठिकाणी फायनलला परीक्षक मार्क देतच नाहीत, जोड्यांचा क्रम लावून देतात आणि बहुमताने जागा ठरते.

अकोट्याचा_अभ्या:
अमेरिकेतल्या त्या डान्सिंग विथ द स्टार्समध्ये २०१८ ला बॉबी बोन्स नावाचा रेडिओवाला जिंकला, फायनलमधल्या बाकीच्यांपेक्षा त्याचे मार्क कमी, मतं भरपूर. त्यावर एवढा गदारोळ झाला की पुढच्याच पर्वात नियम बदलून खालच्या दोघांतून कोणाला वाचवायचं ते परीक्षकांच्या हातात दिलं. म्हणजे आधी पाटीने अधिकार घालवला, मग नियमाने परत मागितला.

लेस्टरचा_बडोदेकर:
स्ट्रिक्टलीत तो अधिकार २००७ मध्येच आला, मधली २०१० आणि २०११ ही दोन वर्षं सोडली तर आहेच. आणि फायनलला तर आता सरळ सांगतात की परीक्षकांचे मार्क फक्त मार्गदर्शनापुरते, निकाल निव्वळ लोकांच्या मतांवर. त्यामुळे फायनलला सगळ्यांना दहा दिले तरी कोणाचं काही जात नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. आपल्याकडे मार्क आणि मतं यांचा हिशोब पडद्यावर मांडून दाखवला असं कोणाला आठवतंय का?

रावपुऱ्याची_राणी:
मला तर नाही. निकालाआधी ढोल वाजतो, दिवे बंद होतात, जाहिरात लागते, परत ढोल वाजतो. हिशोबाला वेळ कुठाय.

मांजलपूरकर:
इतकं वाचून माझं मत थोडं सरकलंय. मार्क बंद करा म्हणालो होतो. आता वाटतंय की सीझनभर मार्क काढा आणि क्रम लावायला सांगा, कॅमेऱ्यासमोर. पाच जणांपैकी आज पाचवा कोण ते नाव घेऊन बोला. फायनलला हवं तर मिठ्या मारा.

खंडेराव_मार्केट:
पाचवा कोण हे नाव घेऊन कोणी बोलणार नाही. बोललाच तर दुसऱ्या दिवशी त्याच्या नावाने सोशल मीडियावर जे होईल त्यापेक्षा दहाची पाटी स्वस्त. मी तर म्हणतो परीक्षकांनाच मार्क द्या, प्रेक्षकांकडून, दर आठवड्याला, जो कमी तो घरी.

सेव_उसळ_एक्स्ट्रा_तरी:
त्या कार्यक्रमाचं पहिलं तिकीट माझं.

निवृत्त_गणित:
खंडेराव, कल्पना गमतीची आहे पण प्रेक्षकही सगळ्यांना दहाच देतील, शेवटी आपलीच माणसं. मांजलपूरकरांचा क्रमाचा मुद्दा मला मान्य. फक्त बरोबरी द्यायला बंदी हवी, नाहीतर २००८ परत.

दांडिया_बाजार_चौथा_मजला:
नूपुरताई, आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांच्या नाचाच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून याल का? खरंच विचारतोय. यंदा रकाने करून कागद देऊ, जावई कोणाचे बोलावणार नाही.

नूपुर_समा:
येईन. दोन अटी. लहान आणि मोठ्या मुलांचे गट वेगळे, आणि निकालानंतर माझा कागद भिंतीवर लावायचा, कोणाला कशाचे किती ते आईबापांना दिसू दे.

दांडिया_बाजार_चौथा_मजला:
कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. पहिली अट लगेच मंजूर. दुसरीवर आत्तापर्यंत नुसते हात जोडलेले आलेत.

मिथुनचा_पंखा:
जोडलेले हात म्हणजे तीसपैकी किती?

रावपुऱ्याची_राणी:
नूपुर, तुझा क्लास समाला नक्की कुठे आहे गं? नातीला घालायचंय. टीव्हीवर बघून दिवसभर सोफ्यावरून उड्या मारते.

नूपुर_समा:
पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवते राणीताई. फक्त आधीच सांगून ठेवते, माझ्याकडे सुरुवातीचे बरेच महिने नुसतं अरमंडीत बसवते आणि तट्टडवूच (पाय आपटायचे पहिले अडवू) करून घेते, गाण्यावर नाच लगेच नाही. चालेल ना तिला?

रावपुऱ्याची_राणी:
तिला चालेल. तिच्या आईला फेसबुकवर टाकायला व्हिडिओ लागतो, तिचं बघावं लागेल.